शून्याची कुपी

अमरावती,
७ ऑक्टोबर २०१६

प्रिय प्राजक्ता,

हे पत्र शाकीब धारणीला येऊन तुझ्या हातात देईल आणि उत्तर मिळेपर्यंत तुझ्या ओट्यावर बसून राहील. तो माझा सध्याचा संशोधन-सहायक. तुझ्याच टेबलावर काम करतो. त्याला चहा जरूर दे, पण त्याच्याशी बोलत बसून हे वाचणे लांबवू नकोस. तुला पाचवा महिना लागला आहे हे मला पाच दिवसांपूर्वी तुझ्या आईकडून कळले. तू मला कळवले नाहीस ही तक्रार नव्हे. तू काही कळवावेस अशी जागा मी ठेवलीच नव्हती. या पत्रातले काम तुझ्या पोटातल्या जीवाशी आणि तुझ्याशी संबंधित आहे, एवढे आधीच सांगते. ते शेवटी येईल. तू माझी विद्यार्थिनी आहेस. पद्धत न सांगता निष्कर्ष दिला तर तू तो नाकारशील, आणि तसे नाकारायला मीच तुला शिकवले आहे. म्हणून क्रमाने वाच.

विभागात फारसे बदललेले नाही. खुशालराव शिपाई मार्चमध्ये निवृत्त झाले. शीतकपाटाला आता स्वतंत्र बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी नमुने टिकतात. ही बॅटरी २०१३ साली असती तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. माझ्या टेबलावर अब्बांचा पितळी तराजू अजून आहे. तू तो रोज पुसायचीस, पण तो कुठून आला हे कधी विचारले नाहीस, आणि मीही आपणहून सांगितले नाही. माझे वडील, अन्सारमियाँ, अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठच्या गल्लीत तराजू दुरुस्त करत. दुकानदार घाईने यायचे, वजने आपटायचे, आणि अब्बा मात्र आधी दोन्ही रिकामी पारडी लोंबकळत ठेवून काट्याकडे बघत बसायचे. म्हणायचे, "पहले खाली पल्ला देख, बेटी. खाली तराजू झूठ बोला, तो भरा हुआ सच कैसे बोलेगा?" हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत आले. माझ्या मराठीचे कौतुक करणाऱ्यांचा मला जसा राग येतो, तसाच या वाक्यावर वह्यांत खाली मान घालून लिहिणाऱ्यांचाही येई. मला वाटे, हे लिहून घ्यायचे नसते, पाळायचे असते. आणि मी ते पाळते, याविषयी मला कधीही शंका आली नाही.

आपण काय करत होतो ते तुला माहीत आहे, तरी तुझा नवरा श्याम हे वाचणार असेल तर त्याच्यासाठी लिहिते. बार्शीटाकळी तालुक्यात त्या वर्षांत कापूस आणि सोयाबीन दोन्ही हातचे जात होते आणि बायकांनी बकऱ्यांवर घर धरले होते. त्या बकऱ्या गाभडू लागल्या, दिवस भरण्याआधीच पिल्ले टाकू लागल्या. पाठोपाठ बायकांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढणारा, पहाटे घामाने उतरणारा, महिनोन् महिने न जाणारा. ब्रुसेलोसिस. पिल्लापाठोपाठ पडणाऱ्या बकरीच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसात येणारा. दवाखान्यात त्याला टायफॉइड म्हणत, क्षय म्हणत, बायकांचे नखरे म्हणत. या रोगाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती रक्ताच्या एका थेंबात ओळखणारी पट्टी आपल्याला बनवायची होती. बोटाएवढी पट्टी, तिच्यावर कार्बनचा इलेक्ट्रोड, त्यावर सोन्याचे नॅनोकण, आणि त्या कणांवर बांधलेला रोगजंतूचा निरुपद्रवी अंश. रक्तात प्रतिपिंडे असतील तर ती त्या अंशाला येऊन चिकटतात, पृष्ठभाग झाकला जातो आणि प्रवाह घटतो. जितकी घट, तितका रोगाचा पुरावा. पण घट कशापासून मोजायची? निरोगी माणसाच्या रक्ताने जो प्रवाह मिळतो, त्यापासून. तेच आपले शून्य, आपले रिकामे पारडे.

विकत आणलेले निरोगी सीरम, म्हणजे निरोगी रक्तातला पेशी काढलेला द्रव, त्या मे महिन्यात भारनियमनात नासले. दुसरे मागवायला तीन महिने लागणार होते आणि माझ्याकडे तीन महिन्यांचा धीर नव्हता. जुलै होता, रमजान चालू होता. रोज्यात रक्त दिल्याने रोजा मोडत नाही हे मला ठाऊक होते. पण रक्त दिल्यावर हात थरथरेल आणि थरथरत्या हाताने मी इलेक्ट्रोडवर थेंब ठेवणार नाही, हा माझा हट्ट. तेव्हा तू बाही वर करून म्हणालीस, "मॅडम, माझं घ्या ना. तुमचा तर रोजा आहे." शून्य ठरवायला नियम वीस निरोगी माणसांचा आहे. मी तो पुढच्या टप्प्यावर ढकलला, कारण वीस माणसांची रक्ते वीस प्रकारे वागतात आणि मला एकच स्वच्छ, स्थिर रेषा हवी होती. तुला एक अर्ज भरायला दिला. घरी गुरे किंवा बकऱ्या आहेत का? कच्चे दूध पिता का? दोन्हींपुढे तू "नाही" लिहिलेस. पहिल्या "नाही"आधी तुझे पेन क्षणभर थांबले होते. ते थांबणे मी पाहिले आणि मग घड्याळाकडे पाहिले, कारण सेंट्रिफ्यूज रिकामे होण्याची वेळ झाली होती. तुझ्या रक्ताचे सीरम आपण चाळीस कुप्यांत वाटले आणि प्रत्येकीवर मी माझ्या अक्षरात "शून्य" लिहिले. ते अपूर्व होते. रोज तोच प्रवाह, दशांशापर्यंत तोच. मी सहकाऱ्यांना बोलावून ती रेषा दाखवत असे.

मग तू तुझ्या गावातून चौसष्ट बायकांचे नमुने आणलेस. मी गावात कधी आले नाही. नमुने माझ्याकडे येत, मी नमुन्यांकडे जात नसे. चौसष्टांत फक्त तीन सदोष, म्हणजे रोगाचे, निघाले. बायका तुला विचारत होत्या, "आमचं काय निंगालं?" आणि मी, संशोधनाच्या यंत्राने माणसांना निकाल द्यायचे नसतात हे पक्के माहीत असूनही, एकसष्ट चिठ्ठ्यांवर "दोष नाही" लिहून खाली सही केली. मला सही करताना आनंद झाला होता, हे लपवत नाही. पडताळणीसाठी दहा नमुने आपण बाहेरच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवले होते. आपण निर्दोष ठरवलेल्यांपैकी चार त्यांनी सदोष कळवले. तू तो कागद घेऊन आलीस आणि म्हणालीस, "मॅडम, एकदा आपलंच तपासून पाहू का?" मी म्हणाले की त्यांनी नमुने उन्हात ठेवले असतील, सरकारी कामाला शिस्त नसते, आणि तू शंका घ्यायची तर आधी हात स्वच्छ धुवायला शीक. तुझे हात स्वच्छ होते. लेख छापून आला. त्यावर तुझे नाव मी घातले नव्हते. आता त्याबद्दल तुला बरेच वाटेल.

आता तुझ्याविषयी. गारपिटीच्या त्या वर्षी तू चार वाजल्यानंतर बसून काम करू लागलीस, मग टेबलावर डोके ठेवू लागलीस. गुडघे दुखतात म्हणालीस, कंबर दुखते म्हणालीस. सकाळी मात्र तू ठीक दिसायचीस, आणि मी सकाळची साक्ष ग्राह्य धरली. सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ताप मोजता येतो, आळस मोजता येत नाही, हीच अडचण आहे." वाक्य चांगले जमले म्हणून दोघे हसले. तूही हसलीस. डिसेंबरात तुझी आई एसटीने आली. दारातच उभी राहून म्हणाली, "पोरीचं अंग रोज संध्याकाळी तापून राहिलं, मॅडम. घामानं उशी भिजते. तुमी तं डॉक्टर हाव नं, पाहा बरं जरा." मी म्हणाले, "मी त्यातली डॉक्टर नाही." जमुनाबाई थोडा वेळ माझ्या खोलीतल्या यंत्रांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग हे एवढं सारं कायच्यासाठी हाय?" त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मला तो उद्धटपणा वाटला. जानेवारीत मी तुझ्या अहवालावर "सातत्याचा अभाव" असा शेरा लिहिला आणि तुझी शिष्यवृत्ती थांबली. तू गेलीस. तुझ्या लग्नाची पत्रिका आली, ती मी उत्तर न देता फाइलला लावली. मागच्या डिसेंबरात तुझे मूल चौथ्या महिन्यात गेले, हे मला या महिन्यापर्यंत माहीत नव्हते.

गेल्या महिन्यात शाकीबने नवे निरोगी सीरम विकत आणले आणि पट्टीवर ठेवले. प्रवाह अठ्ठेचाळीस आला. आपले जुने शून्य सदतीस होते. एवढ्या फरकात प्रामाणिक पट्टी माणसाला आजारी म्हणते. पोराने आठ दिवस मला सांगितले नाही. सांगितले तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "मॅडम, मले वाटलं माझंच चुकून राहिलं. तीन खेपा पट्ट्या बदलून पायल्या." शून्यच खोटे असेल, हे त्याच्या मनात येऊच शकले नाही, माझे अक्षर होते ना कुपीवर. मी त्याला बाहेर पाठवले आणि स्वतः मोजले. नऊ वेळा. आणखी तीन कंपन्यांची सीरमे आणवली, विभागातल्या बारा जणांचे रक्त घेतले, माझेही. सगळी अठ्ठेचाळीसच्या आसपास. एकटी माझी चाळीस कुप्यांची रेषा खाली, स्थिर आणि सुंदर. त्या चौसष्ट नमुन्यांचे उरलेले थेंब खऱ्या शून्यापासून पुन्हा मोजले. तीन नव्हे, एकोणीस. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने कळवलेले ते चारही त्यांत होते.

म्हणून दोन ऑक्टोबरला मी प्रथमच तुझ्या गावात गेले. तुझ्या माहेरच्या अंगणात सात बकऱ्या बांधल्या होत्या. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले, तशी जमुनाबाईंनी खाट टाकली. "बसा, मॅडम. चावत नाई ते. ओढणी तेवढी सांभाळा, तिले शिकलेल्या लोकायचं कापड लय आवडते." मी बसले. विचारले, बकऱ्या कधीपासून आहेत. त्या म्हणाल्या, तुझ्या जन्माच्या आधीपासून. म्हणाल्या, तू दहा वर्षांची असल्यापासून अडलेली पिल्ले तूच ओढून काढत होतीस, कारण घरात सगळ्यांत लहान हात तुझा. वारही तूच उचलून खड्ड्यात टाकायचीस, नुसत्या हातांनी. आणि पहिली धार पेल्यात घेऊन तिथेच उभ्याने प्यायचीस. मी विचारले, मग प्राजक्ताने मला कधी सांगितले कसे नाही? तुझे वडील महादेवराव सुपारी कातरत बसले होते, ते उठून गोठ्यामागे गेले. जमुनाबाई म्हणाल्या, "तिनंच सांगतलं होतं मले, मॅडमले बकऱ्याचं नाव सांगजो नको. मॅडमले वास येते." मग मला आठवले. तू मुलाखतीला आलीस त्या दिवशी, फाइल छातीशी धरून उभी होतीस, आणि मी खुशालरावांना तुझ्यासमोर म्हणाले होते, "बकऱ्यांचा वास घेऊन माझ्या खोलीत येत जाऊ नका." मी तर हे विसरूनही गेले होते. तू मात्र त्या दिवसापासून पहाटे दोनदा अंघोळ करून एसटीत बसत होतीस, असे तुझी आई म्हणाली.

पुढच्या घरी गेले, कारण त्या एकोणिसांतला सतरा क्रमांकाचा नमुना त्या घरचा होता. जयवंताबाई. तू तिला काकू म्हणायचीस. ती एप्रिलमध्ये गेली, हे तुला माहीत असेल. कशाने गेली हे तुला कोणी सांगितले नसेल. ताप दीड वर्ष होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारले होते की घरी बकऱ्या आहेत का, ब्रुसेलोसिसची तपासणी करू. त्यावर तिच्या नवऱ्याने, चंद्रभान यांनी, माझी चिठ्ठी काढून दाखवली. ती तपासणी राहिली. शेवटी जंतूंनी हृदयाची झडप खाल्ली. चंद्रभाननी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून ती चिठ्ठी माझ्यासमोर काढली, घडीवर फाटू नये म्हणून मागून कागद चिकटवलेला. त्यांना माझ्यावर रागवायचे नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचे होते. "तुमच्या चिठ्ठीत तं काहीच नवतं निंगालं, मॅडम. मंग तिले झालं काय होतं?" मी त्यांना खरे सांगितले. ते म्हणाले, "बरं," आणि चिठ्ठी पुन्हा घडी करून पिशवीत ठेवली. मी ती मागितली होती. त्यांनी दिली नाही.

लेख मागे घेण्याचे पत्र मी पाठवले आहे. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना एकोणीस नावे दिली आहेत. अठरा जणींना बोलावणे गेले आहे. तुझ्या आईचे नाव चौसष्टांच्या यादीत नव्हतेच, का ते आता कळते. त्यांचे आणि महादेवरावांचे रक्त मी त्याच दिवशी घेऊन आले. पण हे पत्र त्यासाठी नाही. विसावे नाव तुझे आहे, प्राजक्ता. त्या चाळीस कुप्यांत तुझे रक्त होते आणि ज्याला मी निरोगी म्हणून गावभर मोजत सुटले तो तुझा आजार होता. त्या कुप्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांत पाठवल्या. दोन्हींनी तेच कळवले. तू आळशी नव्हतीस. तुझे मूल कदाचित यामुळेच गेले. नक्की सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी आता सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या रक्तावरून आजचेही ठरत नाही, म्हणून तुझे नवे रक्त हवे आहे, आणि ते या आठवड्यात हवे आहे. गरोदरपणात चालणारी औषधे आहेत, काही आठवडे नेमाने घ्यावी लागतात. नेहमी देतात त्यातली सगळीच चालत नाहीत, म्हणून धारणीत कुणाकडून गोळ्या घेऊ नकोस. अमरावतीत डॉ. रुबीना तुझी वाट पाहत आहेत. त्या त्यातल्या डॉक्टर आहेत. शाकीबने जीप आणली आहे, सेमाडोहच्या घाटात ती हळू चालवायला सांगितले आहे. श्यामला सोबत घे. तुला माझे तोंड पाहावे लागणार नाही, मी त्या दिवशी दवाखान्यात नसेन. फोन लागत नाही हे खरे, पण मी तो दोनदाच लावला आणि दोन्ही वेळा लागला नाही म्हणून मला बरे वाटले. मग पाच दिवस पत्र लिहीत बसले. हा सहावा मसुदा आहे. पहिल्या पाचांत भाषा अधिक चांगली होती, आणि ते पाच दिवस तुझे होते. सोबत एक थर्मामीटर पाठवते. प्रयोगशाळेतल्या प्रमाण थर्मामीटरशी, आणि त्याला दुसऱ्या एकाशी, ताडून पाहिला आहे. आज संध्याकाळी सहा वाजता ताप मोज आणि जो आकडा येईल तो याच पत्राच्या मागे लिहून शाकीबजवळ दे, तू येणार असलीस तरी आणि नसलीस तरी. तू लिहिशील तोच आकडा मी खरा धरीन.

तुझीच,
गजाला